राणीसमोरचा गोरा स्वार आणि त्याच्या घराण्याचा माग

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार वि. वि.

दरवर्षी जूनच्या मध्याला झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंच्या पुण्यतिथीनिमित्त आपल्या आणि इतर मराठी वर्तमानपत्रांत लेख येतात. ग्वाल्हेरजवळ कोटा की सराईच्या मैदानात एका गोऱ्या हुसार (ब्रिटिश हलक्या घोडदळातील) स्वाराने राणींवर वार केला, हे वाक्य त्यांत बहुधा असतेच, आणि त्या स्वाराची गोष्ट त्या वाक्यापाशीच संपते. वार करणारा नेमका कोण होता, हे इतिहासाला ठाऊक नाही. राणी घोडेस्वाराच्या पुरुषी वेषात होत्या, त्यामुळे आपण कोणावर तलवार चालवली याची त्याला स्वतःलाही कल्पना नसावी, असेच बहुतेक वृत्तांत सांगतात. परंतु तो ज्या रिसाल्यातला होता, त्या आठव्या हुसार रेजिमेंटमधली माणसे मात्र अनामिक नाहीत. त्यांची नावे, जन्मगावे, लष्करात शिरण्यापूर्वीचे धंदे, बायकामुले आणि शेवटचा मुक्काम या गोष्टी आजही शोधता येतात, आणि त्या शोधाचा एक धागा महाराष्ट्रातील छावण्यांमधून जातो. त्याकडे आपल्या वाचकांचे लक्ष वेधावे, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आठवे हुसार आणि सतरावे लान्सर्स (भालेवाले स्वार) हे दोन्ही रिसाले १८५७ च्या अखेरीस मुंबईत उतरले. त्यांतल्या अनेक स्वारांनी तीनच वर्षांपूर्वी, २५ ऑक्टोबर १८५४ रोजी, क्रिमियातील बालाक्लाव्हा येथे रशियन तोफांवर चालून गेलेल्या लाइट ब्रिगेड या ब्रिटिश हलक्या घोडदळाच्या प्रसिद्ध हल्ल्यात भाग घेतला होता. सतरावे लान्सर्स खडकीच्या छावणीत आले आणि पुढे तात्या टोप्यांच्या पाठलागावर निघाले. पुढे फील्ड मार्शल झालेल्या इव्हलिन वुड या तरुण अधिकाऱ्याला ऑक्टोबर १८५८ मध्ये सिंदवाहो येथील चकमकीसाठी व्हिक्टोरिया क्रॉस हा शौर्याचा सर्वोच्च ब्रिटिश सन्मान मिळाला, तो याच पाठलागात. आठवे हुसार राजपुताना फील्ड फोर्सबरोबर उत्तरेकडे गेले आणि ब्रिगेडियर स्मिथ यांच्या हाताखाली १७ जून १८५८ रोजी ग्वाल्हेरपाशी लढले. चौदावे लाइट ड्रॅगून्स (हेही गोरे घोडदळ) तर त्याआधीपासूनच खडकीचे रहिवासी होते. इराणच्या मोहिमेवरून परत आल्यावर ते सर ह्यू रोज यांच्या फौजेत झाशीच्या वेढ्यात होते आणि १ एप्रिल १८५८ च्या बेतव्याच्या लढाईतही होते. म्हणजे मराठी माणसाला १८५८ चे युद्ध ज्या गोऱ्या घोडदळामुळे आठवते, ते आपल्याच दारावरून गेलेले आहे.

आठव्या हुसार्सच्या १७ जूनच्या हल्ल्याबद्दल चार जणांना व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. रेजिमेंटच्या एका स्क्वॉड्रनने (तुकडीने) शत्रूच्या छावणीतून घुसून दोन तोफा पळवून आणल्या, असे जानेवारी १८५९ च्या सरकारी गॅझेटमध्ये नमूद आहे. पण तेथील एक तपशील मला फार मोलाचा वाटतो. या चौघांची निवड वरिष्ठांनी केली नाही. बरोबरीच्या माणसांनी मत देऊन केली. सन्मानाच्या नियमांतच तशी तरतूद होती. एक अधिकारी अधिकाऱ्यांनी निवडायचा, एक सार्जंटच्या दर्जाचा माणूस त्याच्या बरोबरीच्यांनी, आणि दोघे साध्या शिपायांनी. अशा रीतीने कॅप्टन क्लेमंट वॉकर हेनिज, सार्जंट जोसेफ वॉर्ड, नालबंद जॉर्ज हॉलिस आणि प्रायव्हेट जॉन पिअरसन ही चार नावे पुढे आली.

आता या चौघांचा माग काढताना काय होते, ते पाहण्यासारखे आहे. हेनिज हा विल्टशायरमधील जमीनदार घराण्यातला. त्याचे घर, त्याची सोयरीक आणि १९०१ मधील त्याचा मृत्यू हे सारे छापील ग्रंथांत बसल्याजागी सापडते. वॉर्ड आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील किन्सेलचा. तो १८७२ मध्ये लाँगफर्ड येथे वारला. हॉलिस १८७९ मध्ये एक्सेटर येथे वारला. पिअरसन हा लीड्सजवळच्या सीक्रॉफ्ट गावचा. तो पुढे कॅनडात जाऊन वसला आणि १८९२ मध्ये ऑंटारिओत वारला. एकाच मैदानात, एकाच घटकेला घोडा फेकलेल्या चार माणसांची राख अशी चार दिशांना उडालेली आहे. या चौघांचे आयुष्य तरी पदकामुळे लिहून ठेवले गेले. त्यांच्या मागेपुढे दौडणाऱ्या बाकीच्या स्वारांचे काय, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर निराशाजनक नाही.

लष्करी छावण्यांतील जुन्या दफनभूमींची टिपणे ठेवण्याच्या माझ्या नादामुळे इंग्लंड, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातून अशा स्वारांच्या वंशजांची पत्रे मला येत असतात. त्यांच्याजवळ बहुधा घरातली एखादी दंतकथा असते. पणजोबा बालाक्लाव्हाच्या हल्ल्यात होते, ही त्यांपैकी सर्वांत आवडती. त्या हल्ल्याची कीर्ती इतकी पसरली होती की, जे तेथे नव्हते तेही म्हातारपणी आपण होतो असे सांगत, आणि मुले-नातवंडे ते खरे मानून चालत. म्हणून मी त्यांना पहिली गोष्ट सांगतो ती ही की, दंतकथा बाजूला ठेवावी आणि रिसाला निश्चित करावा. आपल्याकडच्या कुलवृत्तांतात आडनाव आणि मूळ गाव धरून माणसापर्यंत पोचता येते. व्हिक्टोरिया राणीच्या काळातील शिपायाच्या बाबतीत मात्र रेजिमेंट हेच त्याचे कूळ आणि तेच त्याचे गाव. रेजिमेंट कळली नाही तर जॉन स्मिथ नावाच्या माणसाला त्या कागदांच्या ढिगाऱ्यात शोधण्याला अर्थ नाही.

रेजिमेंट कळण्याचा सोपा मार्ग पदकाच्या कडेवर असतो. १८५७-५८ च्या लढायांसाठी दिलेले इंडियन म्यूटिनी मेडल हातात घेऊन उजेडात फिरवले तर त्याच्या जाडीवर ठोकलेल्या अक्षरांत स्वाराचे नाव आणि रेजिमेंट वाचता येते. फितीवर ‘सेंट्रल इंडिया’ असा आडवा पट्टा असेल तर तो माणूस झाशी-काल्पी-ग्वाल्हेरच्या बाजूला होता असे समजावे. क्रिमियाचे पदक मात्र प्रथम कोरी कड ठेवून वाटले गेले आणि नाव नंतर घातले गेले. काहींनी तर बाजारातल्या कारागिराकडून ते कोरून घेतले, त्यामुळे त्याच्या कडेवरच्या नावावर म्यूटिनी मेडलइतका भरवसा ठेवता येत नाही. पदक वारसांनी विकून टाकले असले तरी लंडनजवळच्या क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात पदकांच्या याद्या आहेत, आणि त्यांतून नाव पडताळता येते.

खरे धन त्याच अभिलेखागारातील हजेरीपटांत आहे. प्रत्येक रेजिमेंटचा पगार तीन-तीन महिन्यांच्या हजेरीपटांवरून होत असे आणि त्या पटांत प्रत्येक स्वाराचे नाव, तो त्या तिमाहीत कोठे होता, रुग्णालयात होता की कैदेत, बढती मिळाली की पट्टी काढून घेतली, हे सारे टिपलेले असते. पट एकामागून एक चाळत गेले की माणसाचे आयुष्य तिमाही-तिमाहीने डोळ्यांपुढे उभे राहते. पट असा अचानक थांबतो, तेव्हा थांबण्याचे कारणही शेजारी लिहिलेले सापडते: मेला, पळून गेला, मुदत संपली, की दुसऱ्या रिसाल्यात गेला. हे शेवटचे कारण हिंदुस्थानात फार महत्त्वाचे आहे. एखादी रेजिमेंट मायदेशी परतायला निघाली की तिच्यातल्या स्वारांना, इनाम देऊन, हिंदुस्थानातच राहणाऱ्या दुसऱ्या रेजिमेंटमध्ये जाण्याची मुभा असे. कित्येक वंशज आपला माणूस १८६० च्या दशकात हरवला असे मानून थांबतात, आणि तो मात्र पुढच्याच पानावर एकोणिसाव्या किंवा विसाव्या हुसार्समध्ये नोकरीत असतो. हे नवे रिसाले कंपनीच्या बंगालमधील गोऱ्या घोडदळातून उभे राहिले होते. कंपनीच्या मूळ शिपायांचे कागद क्यू येथे नसून ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या संग्रहात आहेत, हेही येथे लक्षात ठेवावे लागते.

पेन्शन घेऊन बाहेर पडलेल्या स्वाराचा सुटकेचा दाखला सापडला तर माणूस जणू समोर येऊन उभा राहतो. जन्मगाव, भरतीच्या वेळचे वय, आधीचा धंदा, परदेशात काढलेली वर्षे, वर्तणूक, जखमा, आणि केसांचा व डोळ्यांचा रंगसुद्धा त्यात असतो. मात्र १८८३ पूर्वीचे असे दाखले मुख्यतः पेन्शनरांचेच आहेत. जो नोकरीत असताना मेला त्याचा दाखला तेथे शोधू नये. १८४७ च्या कायद्यानंतर घोडदळातील पहिली मुदत बारा वर्षांची असे, आणि पेन्शनसाठी चोवीस वर्षे भरावी लागत. साधी मुदत संपवून निघून गेलेला तरुण म्हणूनच या कागदांत सहसा सापडत नाही.

नावांच्या बाबतीतही सावध राहावे लागते. भरती होताना खोटे नाव सांगणारे पुष्कळ होते, आणि खरे नाव सांगणाऱ्याचेही कारकून कानाला येईल तसे लिहीत. सतराव्या लान्सर्समधील एका स्वाराने बालाक्लाव्हाच्या हल्ल्याचा इशारा बिगुलावर वाजवल्याचे १८९० मध्ये एडिसनच्या मेणाच्या नळकांड्यावर मुद्रित झाले आणि तो आवाज आजही ऐकता येतो. वाजवणाऱ्याचे नाव मात्र कित्येक वर्षे केनेथ लँडफ्री असे सांगितले जात होते. हजेरीपट आणि दाखले पाहिल्यावर तो मार्टिन लेनर्ड लँडफ्रीड असल्याचे निश्चित झाले. ज्याचा श्वास आपण ऐकू शकतो त्याच्या नावाची ही कथा असेल, तर बाकीच्यांचे विचारायलाच नको.

येथवरचे काम इंग्लंडमध्ये होते. स्वाराच्या बायकामुलांचा शोध सुरू झाला की मात्र आपल्या प्रांताकडे यावेच लागते. शिपायाला लग्नासाठी कमांडिंग ऑफिसरची परवानगी लागे आणि शंभरांतल्या अगदी थोड्यांनाच ती मिळे. परवानगीने झालेल्या बायकोला बराकीत जागा आणि शिधा मिळे, बाकीच्यांना काहीही नाही. रेजिमेंट परदेशी निघाली की किती बायका बरोबर न्यायच्या याला मर्यादा असे, आणि बंदरावर चिठ्ठ्या टाकून कोणी जायचे, कोणी मागे राहायचे हे ठरे. आठव्या हुसार्सचे पेमास्टर (पगार वाटणारे अधिकारी) हेन्री ड्युबर्ली यांच्या पत्नी फॅनी क्रिमियातही गेल्या आणि मध्य हिंदुस्थानच्या मोहिमेतही घोड्यावरून रेजिमेंटबरोबर फिरल्या. त्यांनी आपला अनुभव छापून प्रसिद्ध केला. स्वारांच्या बायकांना असे काही छापून ठेवता आले नाही. त्या सापडतात फक्त चर्चच्या नोंदवह्यांत: लग्न, मुलाचा बाप्तिस्मा, मुलाचे दफन, नवऱ्याचे दफन, आणि पुन्हा लग्न.

हे दुसरे लग्न अनेक वंशजांना कोड्यात टाकते. नवरा मेला की विधवेचा शिधा थोड्याच महिन्यांत बंद होई आणि मायदेश हजारो मैल दूर असे, त्यामुळे तिने त्याच रेजिमेंटमधल्या दुसऱ्या शिपायाशी लवकरच लग्न करणे हे नेहमीचे होते. त्यात निर्दयपणा किंवा सवंगपणा पाहणे हा तिच्यावर अन्याय आहे. तिच्यापुढे दुसरी वाटच नव्हती. पहिल्या नवऱ्याची मुले पुढे सावत्र बापाच्या नावाने वाढतात आणि घराण्याचा धागा तेथे तुटल्यासारखा वाटतो. आई-बाप दोघेही गेले तर मूल अनाथाश्रमात जाई. मुंबई इलाख्यात भायखळ्याच्या बॉम्बे एज्युकेशन सोसायटीच्या शाळा अशा मुलांचा आधार होत्या, आणि त्यांचाच वारसा १९२५ पासून देवळालीच्या बार्न्स स्कूलकडे आहे. काही स्वार तर मायदेशी परतलेच नाहीत. रेल्वेत, पोलिसांत किंवा तारखात्यात लागून ते येथेच स्थिरावले. इगतपुरी, मनमाड, भुसावळच्या जुन्या रेल्वे वसाहतींतील काही अँग्लो-इंडियन घराण्यांचा मूळपुरुष असा एखादा मुदत संपलेला शिपाई असतो.

मुंबई इलाख्यातील चर्चच्या नोंदींच्या प्रती दरवर्षी लंडनला पाठवल्या जात आणि त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत; त्यांतला मोठा भाग संगणकावरही पाहता येतो. त्यामुळे मूळ वह्यांची गरज उरली नाही असे कोणी म्हणेल, पण ते खरे नाही. प्रत करताना ओळी गळतात आणि नावे बदलतात. शिवाय घोडदळात आयरिश कॅथलिक पुष्कळ होते, आणि कॅथलिक चर्चच्या नोंदी लंडनला उशिरा व अपुऱ्या पोचल्या. त्यातच १९२२ मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्स इमारतीतील आगीत आयर्लंडच्या जुन्या जनगणना आणि कित्येक पॅरिशच्या वह्या जळून गेल्या. इंग्लंडच्या जनगणनेतही परदेशातल्या फौजेची नावनिशीवार नोंद १९११ पर्यंत होत नसे. अशा एखाद्या आयरिश स्वाराचे वय, हुद्दा आणि मृत्यूचे कारण सांगणारी जगातील एकमेव ओळ खडकीच्या, पुणे कॅम्पच्या किंवा अहमदनगरच्या एखाद्या चर्चच्या कपाटात असू शकते. बिशप हेबर यांनी १८२५ मध्ये अर्पण केलेले पुण्याचे सेंट मेरीज चर्च आणि १८४० च्या दशकापासून उभे असलेले खडकीचे ऑल सेंट्स चर्च आपण रस्त्याने जाताना पाहतो. त्यांच्यासारख्या जुन्या छावणी-चर्चांच्या वह्या इतिहासाची साधने आहेत, हे फारसे कोणाच्या मनात येत नाही.

दगडांची अवस्था कागदांहून वाईट आहे. साध्या शिपायाला स्वतंत्र दगड क्वचितच मिळे. मिळाला तर तो बहुधा सोबत्यांनी वर्गणी काढून बसवलेला असे. संगमरवराच्या पाटीत बारीक भोके पाडून त्यांत शिशाची अक्षरे ठोकण्याची तेव्हा पद्धत होती. शिसे गळून किंवा काढून नेल्यावर पाटी कोरी दिसते आणि ती निरुपयोगी समजून फरशीला लावली जाते. प्रत्यक्षात सकाळच्या तिरप्या उन्हात त्या भोकांच्या रांगा वाचल्या तर एकेक अक्षर जुळत जाते, आणि माझ्या वहीतील काही नावे अशीच, भोके मोजून उतरवलेली आहेत. १९७६ पासून दक्षिण आशियातील अशा दफनभूमींची नोंद करणारी ब्रिटिश असोसिएशन फॉर सिमेटरीज इन साउथ एशिया ही संस्था आणि फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी यांनी पुष्कळ काम केले आहे. तरी दर पावसाळ्याला पुसट होणारी अक्षरे लंडनमध्ये बसून वाचता येत नाहीत.

आपल्या राणींवर आणि झाशीतील रयतेवर तलवार उपसणाऱ्यांच्या घराण्यांची आपण काळजी का करावी, असा प्रश्न मला अनेकदा विचारला गेला आहे, आणि तो रास्त आहे. झाशी पडल्यावर शहरात काय झाले ते मराठी वाचकाला सांगायला नको. त्याचा दोष मी कणभरही कमी करू इच्छित नाही. परंतु समोरचा माणूस कोण होता हे न शोधता लिहिलेला इतिहास अर्धा राहतो. राणींच्या अखेरच्या लढाईच्या त्या तिमाहीत रेजिमेंटमध्ये कोण होते, रुग्णालयात कोण आणि मेले कोण, हे हजेरीपटांवरून कळते. राणींचा मृत्यू १७ जूनचा की १८ जूनचा, हा आपला जुना वाद आहे, आणि आठव्या हुसार्सची त्या दिवसांतील हालचाल त्या वादात पुरावा म्हणून कामास येते. ग्वाल्हेरच्या फुलबागेतील समाधीपाशी दरवर्षी फुले वाहणाऱ्या आपण मंडळींनी हे कागद आजवर फारसे उघडलेले नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते.

दुसरे असे की, ही पद्धत एकदा हातात आली म्हणजे ती आपल्या स्वारांसाठीही वापरता येते. पूना हॉर्स हा देशी रिसाला १८१७ पासूनचा, आणि १८५७ च्या फेब्रुवारीत इराणमधील खुशाब येथे त्याचे स्वार लढले. शिलेदारी पद्धतीत घोडा आणि सरंजाम स्वाराचा स्वतःचा असल्याने गोऱ्या रिसाल्यासारखे तपशीलवार पट त्यांचे मिळत नाहीत. पण पुण्याच्या पेशवे दप्तरातील मोडी कागद, गावोगावच्या वतनांच्या आणि पेन्शनच्या नोंदी, आणि नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या एकमेकींशी ताडून पाहिल्या, तर एखाद्या शिलेदाराच्या घराण्याचा चार पिढ्यांचा माग लागू शकतो. मोडी वाचणारे हात आपल्याकडे आहेत, आणि इंग्रजी हजेरीपट वाचणारेही आहेत. दोघे एका टेबलावर बसले पाहिजेत.

म्हणून आपल्यामार्फत माझी वाचकांना विनंती आहे. पुणे, खडकी, अहमदनगर, देवळाली, कामठी किंवा अन्य कोणत्याही जुन्या छावणीच्या गावी राहणाऱ्यांनी तेथील जुन्या दफनभूमीतील वाचता येणाऱ्या पाट्यांची, विशेषतः १८५७ ते १९०१ मधील घोडदळाच्या नावांची, छायाचित्रे दिवसाउजेडी घ्यावीत. दगड घासू नये. खडू, रंग किंवा पाणीही लावू नये, कारण त्याने उरलेली अक्षरे जातात. ज्या चर्चच्या विश्वस्तांकडे जुन्या वह्या आहेत, त्यांनी त्या कोणाला हाती देऊ नयेत, पण आपल्या देखरेखीखाली पानांची छायाचित्रे घेऊ द्यावीत. ज्या घरांत जुने पदक, बाप्तिस्म्याचा दाखला किंवा शिपायाचे पासबुक आहे, त्यांनी ते मोडीत काढण्यापूर्वी पदकाची कड आणि दाखल्याची दोन्ही पाने टिपून ठेवावीत. अशी माहिती वर्तमानपत्राच्या पत्त्यावर आली आणि आपण ती इतिहास संशोधकांपर्यंत पोचवण्याची व्यवस्था केली, तर महाराष्ट्रातील छावण्यांची एक एकत्रित सूची तयार करण्याचे काम याच हिवाळ्यात हाती घेता येईल. त्यासाठी माझी सारी टिपणे द्यायला मी तयार आहे.

आपला,
एक वाचक, पुणे